झाडावर चढून फांद्या कापायचं काम शिकायचंय? मग सॉ सगळ्यात शेवटी घ्या

या कामात यायचं म्हणणारा जवळपास प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो की चेनसॉ, म्हणजे साखळीची मोटर करवत, कोणता घेऊ. मी दरवेळी सांगतो, सॉ राहू दे, आधी हेल्मेट, हार्नेस (अंगाला बांधून दोरावर लटकायचे पट्टे), दोर आणि एक चांगली हातकरवत घे, आणि पहिले काही महिने खाली उभं राहून दुसऱ्याने कापलेल्या फांद्या दोरावरून उतरवायला शीक. ऐकणाऱ्याचं तोंड जरा उतरतं, पण मी हे अगदी मनापासून सांगतो. ट्री सर्जन म्हणजे दिवसभर कापत बसणारा माणूस असं लोकांना वाटतं, प्रत्यक्षात दिवसभरात सॉ चालू असतो तो वेळ मोजला तर फार थोडा भरतो, बाकी सगळा वेळ झाड बघण्यात, दोर लावण्यात, नीट उभं राहायला जागा शोधण्यात, खाली पडलेलं आवरण्यात आणि सामान तपासण्यात जातो. आणि जीव वाचतो तो याच बाकीच्या वेळात.

खाली सगळं साधारण कामाच्या दिवसाच्या क्रमाने लिहिलंय. हे नुसतं वाचून कुणी झाडावर चढू नका, शिकवणारा माणूस सोबत असू द्या आणि सुरुवातीला जमिनीपासून दोन हात उंचीवर लटकूनच सगळ्या गाठी आणि सगळी उपकरणं वापरून बघा.

अंगावर काय घालायचं

हेल्मेट गिर्यारोहणाच्या पद्धतीचं पाहिजे, ज्याचा हनुवटीचा पट्टा ताण आला तरी सुटत नाही. बांधकामावरच्या साध्या हेल्मेटचा पट्टा जोर पडला की सुटावा असाच बनवलेला असतो, म्हणजे हेल्मेट कुठे अडकलं तर गळ्याला फास बसू नये. जमिनीवर ते ठीक आहे, पण झाडावर लोंबकळत आडवेतिडवे झालात आणि डोकं खोडावर आपटलं तर त्या आधीच हेल्मेट निघून गेलेलं असतं. तोंडापुढे जाळीचा व्हायझर असला तरी आत सेफ्टी चष्मा लावाच, जाळीतून भुसा बरोबर डोळ्यात येतो, आणि वर दोन्ही हात गुंतलेले असताना डोळ्यात कचरा गेला की काय होतं ते एकदा अनुभवलं की माणूस चष्मा विसरत नाही. कानाला मफ्स. पेट्रोलचा सॉ कानापाशी १०० डेसिबलच्या वर जातो आणि ८५ च्या वरचा आवाज तासन्‌तास ऐकला की कान हळूहळू जातात, दुखत नाहीत म्हणून कळत नाही.

चेनसॉ पँट कशी काम करते हे समजून घ्या म्हणजे ती घालायचा कंटाळा येणार नाही. आत लांब, मोकळ्या धाग्यांचे थर असतात, चेन कापडाला लागली की ते धागे उपसून बाहेर येतात, चेनसोबत आत जाऊन चेन फिरवणाऱ्या स्प्रॉकेटला गुंडाळतात आणि चेन जागेवर अडकते. म्हणजे पँट कापलीच जात नाही असं नाही, ती सॉला गुदमरवते. क्लास १ ची पँट सेकंदाला २० मीटर चेन स्पीडला तपासलेली असते, क्लास २ ची २४ मीटरला. टाइप ए मध्ये संरक्षण फक्त पुढून असतं, टाइप सी मध्ये पायाच्या सगळ्या बाजूंनी. जमिनीवर काम करणाऱ्याला ए चालते पण चढणाऱ्याने सी घ्यावी, कारण वर आपले पाय कोणत्या कोनात असतील सांगता येत नाही. गरम होते, मान्य आहे. एकदा चेन आतल्या थरापर्यंत गेली की ती पँट संपली, शिवून पुन्हा वापरायची नाही, आतले धागे शिवणीत अडकले तर ते उपसून येणारच नाहीत.

हार्नेस विकत घ्यायच्या आधी तो घालून अर्धा तास लटकून बघा, उभ्या उभ्या सगळेच हार्नेस छान वाटतात. पायाचे पट्टे मांडीत रुततात का, कंबरेचा पट्टा वर सरकतो का, ते लटकल्यावरच कळतं. आणि हार्नेसमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ब्रिज, समोरचा तो हातभर दोराचा किंवा पट्टीचा तुकडा. आपलं अख्खं वजन त्याच्यावर असतं आणि दोर अडकवायची रिंग दिवसभर त्याच्यावर इकडून तिकडे घासत असते, त्यामुळे हार्नेस नवाकोरा दिसत असला तरी ब्रिज झिजलेला असू शकतो. रोज सकाळी तो बोटांनी चाचपायचा. बदलायला स्वस्त असतो, त्यात कंजूषी करू नका.

हार्नेसला एक छोटी पिशवी लावा, तिच्यात दाब देऊन बांधायची मोठी पट्टी आणि एक टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातपाय आवळायचा पट्टा, आणि ती पिशवी दोन्हीपैकी कोणत्याही एका हाताने उघडता आली पाहिजे. घरी डोळे मिटून एका हाताने उघडून बघा.

दोर

इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण दोराकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात.

चढायचा दोर साधारण ११ ते १३ मिमी जाडीचा, कमी ताणला जाणारा. ईएन १८९१ टाइप ए या युरोपियन मानकाचा शिक्का असलेला दोर निदान २२ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २२०० किलोचा ताण सहन करतो. मग माझं वजन तर सत्तर ऐंशी किलो, एवढा दोर कशाला, असं विचारतात. कारण तो आकडा नव्या, कोरड्या, सरळ ताणलेल्या दोराचा आहे. गाठ मारली की ताकद घटते, फांदीवर वाकला की घटते, ऊन खाल्लं, घासला गेला, अचानक झटका बसला, सगळीकडे घटत जाते, आणि एवढं सगळं वजा करूनही आपल्यासाठी भरपूर उरलं पाहिजे. लांबीचं म्हणाल तर जुन्या पद्धतीत दोर फांदीवरून जाऊन परत आपल्याकडे येतो, म्हणजे ४५ मीटरच्या दोरात जास्तीत जास्त बावीस मीटरच्या आसपास वर जाता येतं, त्यापेक्षा उंच फांदीला टांगलात तर उतरताना दोर जमिनीच्या आधी संपेल. टोकाला स्टॉपर गाठ, म्हणजे दोर निसटू न देणारी जाड गाठ, मारायची सवय तेवढ्यासाठीच.

रोज तपासायचं कसं तर हातमोजे काढून. अख्खा दोर मुठीतून हळूहळू सरकवायचा आणि डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवायचा. एखाद्या ठिकाणी तो एकदम मऊ पडलाय, चपटा लागतोय, किंवा वाकवला तर गोल न वळता टोकदार दुमडतोय, म्हणजे वरचं कवच ठीक असलं तरी आतला गाभा गेलेला असू शकतो. एखादी जागा काचेसारखी गुळगुळीत आणि कडक लागली तर तिथे तो घर्षणाने वितळलाय. एखाददुसरा धागा निघालेला चालतो, कवच कापलं जाऊन आतलं पांढरं दिसलं की दोर बाद. मी हे काम सकाळी करतो, दोर बॅगेत भरता भरताच तपासून होतो, वेगळा वेळ जात नाही.

दोर पेट्रोल आणि चेन ऑइलच्या डब्यासोबत एका पेटीत ठेवू नका, आणि बॅटरीच्या आसपास तर अजिबात नको, ॲसिडचा वास लागलेला दोर दिसायला जसाच्या तसा राहतो आणि आतून कुजतो. धुवायचा तर कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, आणि सावलीत वाळवायचा.

आता घर्षण गाठी. दोरावर, बहुतेक वेळा वेगळ्या बारीक दोरीने, मारलेली अशी गाठ की जी वजन पडलं की आवळते आणि हाताने दाबली की सरकते, अख्खं काम या एका कल्पनेवर चालतं. प्रुसिक सगळ्यांना माहीत असते, ब्लेक्स हिच शिकायला सोपी आणि तिला वेगळी दोरी लागत नाही, पुढे डिस्टेल आणि व्हीटी या गाठी, आणि हल्ली त्यांच्या जागी वापरायची धातूची उपकरणंही आहेत, पण माझं मत असं की आधी गाठी शिका. उपकरण खाली पडलं, बिघडलं तर गाठच तारते. गाठीची दोरी ८ ते १० मिमीची, उष्णता सोसणाऱ्या धाग्याची घ्या. पॉलिस्टर २५० अंशांच्या आसपास वितळतं, आणि ते पांढरं हलकं डायनिमा कितीही मजबूत असलं तरी साधारण १४५ अंशांना वितळायला लागतं म्हणून त्याची घर्षण गाठ मारायची नाही, स्लिंगसाठी, म्हणजे टोकं जोडलेल्या गोल पट्ट्यासाठी, ते उत्तम. वरून सुसाट खाली येण्यात मजा वाटते तेव्हा गाठीतली दोरी करपत असते, हळू उतरा, हाताला गाठ कोमट लागली पाहिजे, चटका नाही.

गाठ मारली की तीन गोष्टी: सगळे वळसे एकमेकांशेजारी नीट बसवा, ओढून घट्ट करा, आणि मग जमिनीपासून हातभर वर असतानाच अंग सोडून लटकून बघा. हे प्रत्येक वेळी, विसाव्या वर्षीही. कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची उघडझाप होणारी धातूची कडी, तीन हालचालींनी उघडणारा आणि आपोआप लॉक होणारा घ्या आणि नुसता खट्ट आवाज ऐकून पुढे जाऊ नका, बघा आणि दाबूनही बघा, कधी कधी गेटमध्ये बारीक डहाळी किंवा कपड्याची कड अडकलेली असते आणि आवाज मात्र बरोबर येतो.

झाड आधी खालून वाचायचं

झाडाजवळ गेल्या गेल्या दोर फेकायचा नाही. आधी लांब उभं राहून अख्खं झाड बघायचं, कुठे झुकलंय, शेंडा वाळतोय का, एका बाजूची पानं विरळ आणि बारीक आहेत का. मग बुंध्याभोवती पूर्ण फेरी. जमिनीला एका बाजूने भेग गेली असेल किंवा मुळांजवळची माती उचलल्यासारखी दिसत असेल तर चढायचा विचार सोडा. बुंध्याशी फळीसारखी बाहेर आलेली, वरून तपकिरी आणि कडेला पांढरी अशी गॅनोडर्मा बुरशी दिसली तर आतलं लाकूड खाल्लं जातंय असं धरा. त्याहून फसवी म्हणजे क्रेट्झश्मारिया, जुनी झाली की जळलेल्या कोळशाच्या पापुद्र्यासारखी काळी दिसते, लोक समजतात कुणी शेकोटी केली होती, आणि तिने खाल्लेलं लाकूड चिनीमातीसारखं काडकन तुटतं, वाकून इशारा देत नाही. लाकडी हातोड्याने खोडावर ठोकत फिरा, भरीव आणि पोकळ आवाजातला फरक दोन चार झाडांत कानाला बसतो.

मग बेचकी बघा. इंग्रजी यू सारखी रुंद बेचकी सहसा भक्कम असते, व्ही सारखी चिंचोळी असेल आणि दोन फांद्यांच्या मध्ये साल आत दाबली गेलेली दिसत असेल तर तिथे लाकूड लाकडाला धरलेलंच नाही, दोन भिंती नुसत्या टेकून उभ्या असल्यासारखं आहे ते. अशा बेचक्यात दोर टाकायचा नाही. ढोलीत पक्षी, वटवाघळं, पानांआड मधमाश्यांचं पोळं, हेही खालूनच हेरायचं, घरटं असेल तर काम पुढे ढकला, पिल्लं उडून जाईपर्यंत झाड कुठे पळून जात नाही. आणि वीज. तारेला टेकलेली फांदी म्हणजे तारच समजा. वीज बंद केल्याचं वीजवाल्यांनी स्वतः खात्रीने सांगितल्याशिवाय तिथे हात लावायचा नाही, कुणी कितीही घाई करू दे.

टांगायची जागा निदान १० सेंटिमीटर जाडीचं जिवंत लाकूड, शक्यतो खोडालगत. थ्रो लाइन म्हणजे साधारण २ मिमीची गुळगुळीत दोरी आणि टोकाला २५० ते ४०० ग्रॅमची छोटी पिशवी. दोन्ही पायांमधून मागे झुलवून पुढे सोडायची, ताकद लावायची नाही, पिशवी हातातून सुटते तो क्षण साधायचा असतो. पहिल्या आठवड्यात वैताग येईल, रोज पंधरा मिनिटं फेकत राहा. दोर वर गेला की चढण्याआधी दोघांनी मिळून त्यावर लोंबकळायचं. फांदी बोलायची असेल तर तेव्हाच बोलू दे. फांदी आणि दोराच्या मध्ये घर्षण कमी करणारा फ्रिक्शन सेव्हर लावा, दोर वाचतो आणि सालही भाजत नाही. पायाला लावायचे काटे फक्त जे झाड पूर्ण काढायचं आहे त्याच्यावर, जगवायच्या झाडात काटे खुपसणं म्हणजे प्रत्येक पावलाला एक जखम आणि बुरशीला एक दार.

कुठे कापायचं

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे खाली एक सुजल्यासारखा गळपट्टा असतो आणि वर सालीची एक खडबडीत उंच रेघ असते. शेवटचा काप या दोन्हीच्या लगेच बाहेर. खोडाला सपाट घासून कापलं तर गळपट्टा जातो, आणि खुंट ठेवला तर तो कुजत आत शिरतो. हे नीट मांडलं ते अमेरिकेतल्या ॲलेक्स शिगो या संशोधकाने, हजारो खोडं उभी चिरून त्याने दाखवलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड जुन्या पेशी दुरुस्त करत नाही, खराब भागाभोवती भिंती उभ्या करतं, त्याला कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड घालत जातं. गळपट्टा म्हणजे त्या भिंतीचा मालमसाला. तो कापून टाकलात की झाडाच्या हातातलं हत्यारच काढून घेतलंत. याच कारणाने कापावर रंग किंवा डांबर फासायचं नाही, त्याने कुज थांबत नाही, उलट ओल आत राहते.

जड फांदी एका कापात कधीच काढायची नाही. खोडापासून वीतभर किंवा थोडं जास्त पुढे खालून पाव ते तिसरा हिस्सा खोल काप घ्या, मग त्याच्याही थोडं पुढे वरून कापा, फांदी त्या खालच्या कापापाशी तुटून सुटते आणि साल खोडापर्यंत सोलली जात नाही. मग उरलेला हलका खुंट हातात धरून गळपट्ट्याबाहेर शांतपणे काढा. खालचा काप न घेता वरून कापलेल्या फांदीने खोडाची साल हातभर लांब ओरबाडून नेलेली मी बघितली आहे, ती जखम त्या झाडाला आयुष्यभर पुरते.

आणि शेंडा छाटून द्या असं कुणी म्हणालं तर समजावून सांगा, चिडू नका. शेंडा छाटला की कापाखालून झाडूसारखी दाट फूट येते, ती फूट वरच्या सालीलगत चिकटलेली असते, आत रुजलेली नसते, आणि ती जाड झाली की वाऱ्यात मोडते, म्हणजे धोका कमी करायला गेलो आणि वाढवून आलो. एका वेळी जिवंत पानोऱ्याचा चौथा हिस्सा ही वरची मर्यादा, म्हाताऱ्या किंवा आजारी झाडाला त्याहून बरंच कमी.

सॉ वर नेल्यावर

मनगटाएवढ्या फांदीपर्यंत हातकरवतच वापरा. चांगली वाकडी करवत ओढताना कापते, म्हणून ढकलताना जोर लावू नका, पातं वाकतं. आणि मोकळा हात पात्याच्या रेषेत फांदीवर ठेवू नका, करवत उडून बोटांवर येते, झाडावरच्या कामात हाताला होणाऱ्या जखमा बघितल्यात त्यातल्या बऱ्याच चेनसॉच्या नव्हत्या, हातकरवतीच्या होत्या.

वर चालवायचा सॉ म्हणजे वरच्या मुठीचा हलका सॉ, आणि तो हलका आहे म्हणूनच एका हाताने चालवायचा मोह होतो. दोन्ही हात. दोन्ही हात सॉवर ठेवता येत नसतील तर जागा बदला. बारच्या, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या पात्याच्या, टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशाला लागला की सॉ झटक्यात तोंडाकडे उसळतो, त्याला किकबॅक म्हणतात, आणि एका हाताने तो थांबवता येत नाही. सुरू करताना चेनचा ब्रेक लावलेला, काप झाला की ब्रेक, जागेवरून हलायच्या आधी ब्रेक.

सॉ चालवताना दोन ठिकाणी बांधलेलं असायचं, एक मुख्य दोर आणि दुसरा कंबरेचा लॅनयार्ड, म्हणजे खोडाभोवती टाकायचा आखूड दोर, आणि दोन्ही कापाच्या रेषेच्या बाहेर. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट सांगतो. दिवसातली शेवटची फांदी, ऊन कलतं झालेलं, मी खोडाला लॅनयार्ड टाकला आणि कापायला लागलो, काप संपता संपता सॉ खोडाच्या पलीकडे गेला आणि हाताला नेहमीपेक्षा वेगळं, मऊ काहीतरी लागल्यासारखं वाटलं. सॉ बंद करून पलीकडे बघितलं तर लॅनयार्डचं कवच उघडं पडून पांढरे धागे बाहेर आले होते, अर्ध्याच्या वर गेला होता. मुख्य दोर लावलेला होता म्हणून आज हे लिहितोय. तेव्हापासून सॉ चालू करण्याआधी मी लॅनयार्ड पलीकडच्या बाजूला कुठून गेलाय ते वाकून डोळ्यांनी बघतो, दोराची आठवण पुरेशी नसते. आत पोलादी तार असलेला लॅनयार्ड मिळतो, तो घ्या, पण तो सुद्धा फक्त थोडा वेळ मिळवून देतो, चेनपुढे तोही टिकत नाही.

धारेबद्दल थोडं. भुशाऐवजी पावडर पडायला लागली, किंवा काप एका बाजूला वाकडा जायला लागला, किंवा सॉ दाबावा लागतोय, म्हणजे धार गेली. छोट्या सॉच्या लो प्रोफाइल चेनला सहसा ४ मिमीची गोल कानस लागते, चेनच्या पाकिटावर दिलेली असते ती बघा, कोन साधारण ३० अंश. आतून बाहेर, एकाच दिशेने, आणि प्रत्येक दाताला मोजून सारखेच हात, डावीकडच्या दातांना तीन तर उजवीकडच्यांनाही तीन, नाहीतर चेन वाकडी कापते. दातापुढचा तो छोटा उंचवटा डेप्थ गेज, तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असतो, त्याला दर चार पाच वेळा मापाची पट्टी ठेवून सपाट कानशीने घासा, अंदाजाने नको, जास्त घासला तर चेन लाकडात घुसते आणि उसळते. टू-स्ट्रोकचं पेट्रोल-ऑइल मिश्रण बहुतेक सॉला ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली ऑइल.

दोराने उतरवणं आणि खालचा माणूस

ओल्या लाकडाचं वजन लोक फार कमी धरतात. ढोबळ हिशोब असा की ओल्या जड लाकडाचा एक घनमीटर म्हणजे जवळपास एक टन. ३० सेंटिमीटर जाडीचा एक मीटर लांब ओंडका सुमारे ७० किलो भरतो. तोच ६० सेंटिमीटर जाडीचा असेल तर २८० किलो, जाडी दुप्पट, वजन चौपट. आणि पुलीवरून उतरवताना पुलीवर एका बाजूला ओंडका आणि दुसऱ्या बाजूला त्याला धरून ठेवणारा ताण असे दोन्ही पडतात, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि तोही झटका न धरता. म्हणून ज्या फांदीला पुली लावलीय ती बघून ओंडका किती मोठा कापायचा ते ठरवा. शंका आली तर लहान तुकडा.

खालच्या माणसाची कसब इथे दिसते. बुंध्याला बांधलेल्या लोअरिंग उपकरणावर वजन बघून दोराचे वळसे घ्यायचे, ओंडका सुटला की त्याला एकदम न अडवता थोडा वाहू द्यायचा आणि मग हळूहळू थांबवायचा, त्याने वरच्या माणसाच्या पायाखालचं झाड हलत नाही. हाताला दोर गुंडाळायचा नाही, जमिनीवर पडलेल्या दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. वरचा ओरडतो, खालचा उत्तर देतो, उत्तर आल्याशिवाय काप पूर्ण करायचा नाही. हेल्मेटमधले ब्लूटूथ घेता आले तर जरूर घ्या, ओरडून घसा बसतो आणि सॉच्या आवाजात "थांब" आणि "सोड" सारखंच ऐकू येतं, म्हणून हाताच्या खुणाही ठरवून ठेवा.

चिपरमध्ये, म्हणजे फांद्यांचा चुरा करणाऱ्या मशीनमध्ये, फांदी बुडख्याकडून घालायची, बाजूला उभं राहून, आणि सोडून द्यायची. मनगटाशी ढगळ असलेले हातमोजे नकोत. अडकलेलं काहीही हाताने किंवा पायाने ढकलायचं नाही, मशीन बंद करून, चाक पूर्ण थांबल्यावरच.

एकट्याने चढायचं नाही, हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. खाली असा एक जण पाहिजे ज्याला वर येऊन तुम्हाला उतरवता येतं, त्याचा हार्नेस आणि दोर गाडीत नाही, झाडाखाली उघडून ठेवलेला पाहिजे. हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साठत जातं, त्यामुळे मदत यायची वाट बघत बसण्याइतका वेळ नसतो. दर काही आठवड्यांनी कुणालातरी मुद्दाम लटकवून त्याला उतरवायचा सराव करा, घड्याळ लावून. आणि काम सुरू करायच्या आधी त्या जागेचा पत्ता आणि जवळची खूण सगळ्यांच्या फोनमध्ये लिहून ठेवा, घाबरलेल्या माणसाला पत्ता सांगता येत नाही.

संध्याकाळी

अंग मोडून आलेलं असतं तेव्हाच हे करावं लागतं, पण करा. सॉचं झाकण काढून आतला भुसा साफ, एअर फिल्टर झटकून, बार उलटा फिरवून, चेन धारदार करून ठेवा म्हणजे सकाळी धार लावायला झाडाखाली बसावं लागत नाही. करवतीवरचा चीक पुसा. ओला दोर बॅगेत कोंबू नका. बोटांना मुंग्या येत असतील, टोकं पांढरी पडत असतील तर ते सॉच्या कंपनामुळे होतंय, दुर्लक्ष करू नका, सॉ चालवायचे तास कमी करा आणि डॉक्टरला दाखवा, एकदा बळावलं की पूर्ण बरं होत नाही. एका वहीत प्रत्येक दोर, हार्नेस, कॅराबिनर कधी घेतला आणि कधी तपासला त्याची तारीख लिहा, दर सहा महिन्यांनी दुसऱ्या जाणकार माणसाकडून सगळं तपासून घ्या, आपल्या सामानातले दोष आपल्याला सवयीने दिसेनासे होतात.

आणि जो दोर बाद केलात तो कोपऱ्यात गुंडाळून ठेवू नका, पुढेमागे घाईत कुणीतरी तोच उचलून झाडावर चढेल. त्याच संध्याकाळी त्याचे हातहातभर तुकडे करून टाका.